माळ्यावरचे खोके खाली काढा

मागच्या वर्षी आमच्यातला एक मित्र गेला. चाळीसेक वर्षं त्यानं प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडली, रंगवली, त्यांच्यावर एकेक चिन्ह बसवलं. महिन्याभरानं भेटायला गेलो तेव्हा दारात रद्दीवाला बसला होता. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, जुनी मासिकं आणि त्यांच्याशेजारी न उघडलेल्या किटचे खोके. पुठ्ठा एकीकडे, प्लॅस्टिक एकीकडे, असं त्याचं काम चाललं होतं. पंखांचे, शेपटीचे, चाकांचे भाग तारांच्या जाळीसारखे एका चौकटीत अडकलेले असतात, तशा चौकटी त्यानं मोडून पोत्यात भरल्या होत्या. घरच्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. ते दुःखात घर आवरत होते, आणि त्या खोक्यांत काय आहे हे त्यांना आम्ही कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी पाच खोके मागून घेतले. बाकीचे काट्यावर गेले.

त्या पाचातला एक ‘नॅट’चा होता. १/७२ प्रमाणातला. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंच उंचीचा. नॅट मुळातच लहानखुरं विमान, पावणेनऊ मीटर लांब. या प्रमाणात ते बारा सेंटिमीटरचं होतं, तळहातावर मावतं. खोक्यात ब्रिटिश चिन्हांचा कागद होताच, पण तळाशी बटर पेपरमध्ये गुंडाळून मित्रानं दुसराही एक कागद ठेवला होता. भारतीय हवाई दलाची वर्तुळं : बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. कधी तरी परदेशातून कोणाकरवी आणवलेली. श्रीनगरवरून १४ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों उडाले ते नॅटमधूनच. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. ते विमान करायचं मित्राच्या मनात होतं आणि ते राहून गेलं.

माझी तेरा वर्षांची भाची सुट्टीत आली होती. तिनं कागद उलगडून पाहिला.

“मामा, यातला पांढरा पिवळा का पडलाय?”

चिन्हांच्या या कागदाला आम्ही डेकल म्हणतो. खाली जाडसर कागद, त्याच्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, डिंकावर अगदी पातळ पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर छापलेलं चित्र. वर्षं गेली की पापुद्रा पिवळा पडतो आणि पांढऱ्या रंगावर ते सर्वांत आधी दिसतं. पण त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, चित्राची बाजू बाहेर करून खिडकीच्या काचेला चिकटवायचा आणि उन्हात राहू द्यायचा. आम्ही तो स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीला लावला. भाची रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायची. सहाव्या दिवशी तिनं हाक मारली. पांढरा पांढरा झाला होता.

एवढ्यानं भागत नाही. जुना पापुद्रा ठिसूळ झालेला असतो, पाण्यात बुडवला की त्याचे तुकडे होतात. म्हणून आधी त्यावर पारदर्शक लॅकरचा हलका फवारा मारला. मग प्रत्येक वर्तुळ काठाला लागून कात्रीनं कापायचं, कारण लॅकरमुळे आता अख्खा कागदच एक पापुद्रा झालेला असतो. दरम्यान जोडून रंगवलेल्या विमानाचा रंग वाळला होता, त्यावर चकचकीत वार्निशचा हात दिला. हे का, असं भाचीनं विचारलं. मंद रंगाचा पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण तो खरखरीत असतो. त्या बारीक खळग्यांत डेकलखाली हवा अडकते आणि उजेडात चंदेरी झाक दिसते. ती दिसली की चिन्ह रंगवलेलं न वाटता चिकटवलेलं वाटतं.

बशीत कोमट पाणी. चिमट्यात वर्तुळ धरून दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, बाहेर काढून मिनिटभर तसंच ठेवायचं. डिंक सुटला की बोटाच्या हलक्या धक्क्यानं ते कागदावरून सरकतं. पंखावर आधीच ब्रशनं पाणी लावलेलं असतं, त्याच्यावर ते तरंगतं. ओल्या ब्रशच्या टोकानं जागेवर आणायचं, कापसाच्या काडीनं कडेकडेनं पाणी टिपायचं. मग डेकल मऊ करणारं द्रावण लावायचं. ते लावल्यावर दोन-तीन मिनिटांत वर्तुळाला सुरकुत्या पडल्या, साय गोळा व्हावी तशा. भाचीचा चेहरा उतरला. “मामा, गेलं!” तिचा हात पुढे आला. मी म्हटलं, हात लावू नकोस. बघत राहा. अर्ध्या तासात सुरकुत्या आपोआप उलगडल्या आणि पंखावरच्या पत्र्यांच्या जोडरेषा त्या वर्तुळातून वर उमटून दिसू लागल्या. केशरी, पांढरा, हिरवा जणू पत्र्यावरच रंगवलेला.

त्या अर्ध्या तासात ती जागची हलली नाही आणि तिला फोन आठवला नाही.

मी हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण नेमकं हेच ज्ञान आज आपल्याकडे संपत चाललंय. पिवळा पडलेला कागद खिडकीला लावायचा, हे मला त्याच मित्रानं सांगितलं होतं आणि त्याला एका निवृत्त विमान-फिटरनं. कुठली पुट्टी सांध्यात भरली की नंतर आक्रसत नाही, प्लॅस्टिकचा सिमेंट नुसता चिकटत नाही तर दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, म्हणून तो थेंबभरच कसा लावायचा, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून का घासायचा, हे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेलं शहाणपण आहे. व्हिडिओंत ते दिसतं, नाही असं नाही. पण “हात लावू नकोस” हे शेजारी बसलेला माणूसच योग्य क्षणी म्हणू शकतो. असे शेजारी बसणारे आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या टेबलापाशी दुसरी खुर्ची नाही.

हा छंद म्हणजे खेळणं, हा समज आधी सोडायला हवा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या नौदलानं शाळकरी मुलांकडून लाकडी विमानं करून घेतली, ती याच १/७२ प्रमाणात. आभाळात दिसलेलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीनं १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा किट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वस्तात विकला आणि हा छंद घराघरांत पोचला. आणि आपल्याला तर हे परकंही नाही. दिवाळीत किल्ला करणारं पोर हेच करत असतं. दगड-माती, वर अळीव पेरून उगवलेलं गवत, बुरूज आणि मावळे. फरक एवढाच की किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी चालतो. किटमध्ये तसं चालत नाही. विमानाच्या आसनाचा पट्टा वैमानिकाच्या खांद्याच्या मानानं किती रुंद, शिडीची पायरी किती उंच, याचा हिशेब करावा लागतो. मुलाचा मावळा दरवाजातून आत जाऊ लागतो तेव्हा त्याला प्रमाण कळलेलं असतं. हल्ली बाजारात तयार किल्ले मिळतात हे मला बघवत नाही, ते याच कारणासाठी.

हे प्रमाणातलं काम का जपायला हवं, हे विक्रांतवरून कळतं. भारताची पहिली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली. १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मी आणि मित्र रांगेत उभे राहून ती दोनदा बघून आलो. मित्रानं डेकवर वाकून रंगाची छटा वहीत टिपून घेतली होती. २०१२ मध्ये संग्रहालयाचे दरवाजे बंद झाले आणि २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. मुंबईच्याच किनाऱ्यावर, गॅस कटरनं. पुढे विराट ही दुसरी विमानवाहू नौकाही अलंगच्या किनाऱ्यावर तुटली. विक्रांतवरची सी हॉक आणि आलिझे ही विमानं बघायची तर गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात जावं लागतं. ज्या डेकवरून ती उडाली तो डेक आता कुठेच नाही.

विक्रांत सुमारे २१३ मीटर लांब होती. १/७०० प्रमाणात ती तीस सेंटिमीटरची होते, शाळेच्या पट्टीएवढी. ती पट्टीएवढी विक्रांत एखाद्या मुलानं फोटो बघून, आराखडे मिळवून, डेकवरचं सी हॉक चिमट्यात धरून जागच्या जागी बसवत केली, तर त्या मुलाला ती नौका कळते. लिफ्ट कुठे होती, विमानं कुठे रांगेनं उभी राहायची, एवढ्याशा जागेत ती उतरायची कशी, असे प्रश्न त्याला पडतात. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींनी ते पडत नाहीत. आपण मूळ वस्तू जपल्या नाहीत. निदान त्या कशा होत्या हे हातांना माहीत असलेली माणसं तरी राहू देत.

मिग-२१ चंच घ्या. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला समारंभानं निवृत्त झालं. बासष्ट वर्षं. त्यातली कित्येक विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. एचएएलचा तिथला कारखाना त्यासाठीच उभा राहिला. ओझर-नाशिकच्या किती घरांत मिगवर काम केलेले आजोबा असतील! एदुआर्द या चेक कंपनीचे मिग-२१ चे किट जगभर नावाजले जातात. ज्या आजोबांच्या हातांनी खऱ्या विमानात रिव्हेट मारले, त्यांच्या नातवाला त्याच विमानाचा किट बघायला परदेशी छायाचित्रं शोधावी लागावीत, याची मला खरोखर खंत वाटते.

हा छंद असा का आटला? मुलांचं लक्ष पडद्यात गेलं हे खरं, पण सगळं खापर त्यावर फोडणं मला पटत नाही. माझ्या भाचीचा अर्धा तास मी आत्ताच सांगितला. मुलांना आधी वस्तू दिसायला तर हवी. आमच्या लहानपणी किट मिळायचे ती दोन्ही दुकानं आज भेटवस्तूंची झाली आहेत. आणि दुकानदाराला तरी काय बोलणार? जकातीच्या वर्गवारीत हे किट खेळण्यांच्या रकान्यातच येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ती ७० टक्के झाली. हजार रुपयांचा खोका बंदरावरच सतराशेचा होतो. त्यावर जीएसटी, वाहतूक आणि दुकानदाराची कमाई. जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. या धोरणामागचा हेतू चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. हलक्या प्रतीच्या, विषारी रंगांच्या खेळण्यांचा पूर आला होता आणि आपल्या खेळणी-कारागिरांना आधार हवाच होता. पण हे किट लहान मुलांची खेळणी नाहीत. अनेक खोक्यांवर चौदा वर्षांवरील असं छापलेलंच असतं. ज्या देशी उद्योगाला संरक्षण द्यायचं, तो या क्षेत्रात अजून जवळजवळ उभाच राहिलेला नाही. म्हणून सरकारकडे माझी पहिली मागणी : चौदा वर्षांवरील जोडणी-किटची वर्गवारी खेळण्यांपासून वेगळी करा आणि त्यांच्यावरची जकात खाली आणा. आपल्या खासदारांना पत्र लिहायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ती सरकारशी नाही, आपल्या पुण्या-नाशिकच्या कारखानदारांशी बोलायची आहे. जपानमधलं शिझुओका हे लाकूडकामाचं गाव. तामिया ही कंपनी १९४६ मध्ये तिथे लाकडाचा व्यवसाय म्हणून सुरू झाली. प्लॅस्टिकचे किट आल्यावर लाकडी मॉडेल खपेनात, तेव्हा १९६० च्या सुमारास त्यांनी पोलादी साचे करून घेतले आणि प्लॅस्टिककडे वळले. आज तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या कंपन्या त्याच परिसरात आहेत आणि दर मे महिन्यात तिथे छंदांचं मोठं प्रदर्शन भरतं. किट म्हणजे शेवटी काय? पोलादाचा साचा आणि त्यात दाबानं भरलेलं पॉलिस्टायरीन. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकणच्या टूलरूममध्ये हेच काम रोज होतं. गाड्यांचे डॅशबोर्ड, दिव्यांच्या चौकटी, बटणं यांचे साचे तिथे केसाच्या जाडीइतक्या अचूकतेनं कापले जातात. त्यातल्या एकानं नॅटचा साचा कापावा. एकानं मरुतचा. मरुत हे आपण घडवलेलं पहिलं जेट लढाऊ विमान, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेलं. मोजमापं घ्यायला दूर जायलाही नको, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे. साचा महाग असतो, मान्य. पण तो एकदा झाला की अनेक वर्षं चालतो. आणि खोक्यात केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांचा कागद पहिल्यापासून असेल, तो कोणाला परदेशातून मागवावा लागणार नाही.

डेकलचं तर त्याहून सोपं आहे. घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून घरी छापलेलं भारतीय वर्तुळ गडद हिरव्या-करड्या पंखावर लावलं की त्यातला पांढरा दिसतच नाही. आमच्यातले लोक पांढऱ्या पापुद्र्याचा कागद वापरून आणि कडा नखाएवढ्या कात्रीनं कापून कसंबसं भागवतात. पण स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला पांढरा छापणं अवघड नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि स्टिकर छापणाऱ्यांची काय कमी आहे? योग्य कागद, पांढऱ्या शाईचा थर, वर तीन रंग. कोणी तरी छापखानेवाला पुढे यावा. पहिल्या शंभर कागदांची मागणी आम्ही नोंदवू.

पुस्तकाच्या दुकानात, शाळेत, वस्तुसंग्रहालयात या छंदाला कोपरा मिळायला हवा. पुण्यातल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात मुलं तोंडाचा आ करून उभी राहतात, ते मी अनेकदा पाहिलंय. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवलं जातं. त्या शिक्षकांनी एखादं दोन दिवसांचं शिबिर शाळेत इतर मुलांसाठीही घ्यावं. मुख्याध्यापकांना विनंती, हस्तकलेच्या तासाला वर्षातून एक किट वर्गात जोडू द्या, एकाच टेबलावर, चार-चार मुलांनी. आयाबापांच्या दोन शंका मला ठाऊक आहेत. सिमेंटचा आणि रंगाचा वास : खिडकी उघडी ठेवून, पंख्यासमोर काम करा, एअरब्रश वापरताना मास्क लावा. आणि कटर : तो मोठ्या माणसाच्या हातात. म्हणूनच तर मोठं माणूस शेजारी हवं.

आता ज्यांच्या घरात हे किट आहेत त्यांच्याशी बोलतो. तुमच्या माळ्यावर असे खोके असतील. मधल्या काळात नोकरी, मुलं, कर्ज आणि मग चष्म्याचा नंबर, यात बांधायचे राहून गेलेले. कधी तरी निवांत करू म्हणून ठेवलेले. तुम्हाला वाटत असेल ते सुरक्षित आहेत. ते नाहीत. माळ्यावर दमट हवा डेकलचा डिंक खाते, पापुद्रा पिवळा करते, खोक्याच्या कोपऱ्यांना बुरशी आणते. आणि एके दिवशी रद्दीवाला येतो. प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी लिहून ठेवा : हे काय आहे आणि माझ्यानंतर कोणाला द्यायचं. घरच्यांना आजच सांगा. माझ्या मित्रानं हे केलं असतं, तर उरलेल्या किटचं प्लॅस्टिक पोत्यात गेलं नसतं.

पण त्याहून बरं म्हणजे ते खाली काढा. एअरफिक्स १९८१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये बुडता बुडता राहिली, आणि दोन्ही वेळा कोणी तरी तिला हात दिला, कारण बांधणारे हात शिल्लक होते. आपल्याकडे कंपनीच नाही, फक्त हात आहेत. ते थोडे आहेत आणि थरथरू लागले आहेत. हात थरथरत असले तर चिमटा मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही फक्त सांगा. तुमच्या सोसायटीत, तुमच्या वाड्यात, तुमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी दोन तास एक टेबल लावा. त्यावर वर्तमानपत्र पसरा, एक बशी कोमट पाणी ठेवा, एक किट उघडा. कोण येतं ते पाहा. पहिल्या रविवारी एकच मूल आलं तरी ते आलंय.

भाचीनं पूर्ण केलेलं नॅट मी मित्राच्या घरी घेऊन गेलो. त्याच्या पत्नीनं ते हातात घेतलं, पंखाखालचं वर्तुळ बोटानं चाचपून पाहिलं आणि विचारलं, “हे आमच्याकडे असंच पडून होतं?” त्यांच्या घरी आता ते काचेच्या कपाटात आहे. उरलेले चार खोके भाची मे महिन्यासाठी मागते आहे. त्यातला एक तिच्यासाठी ठेवलाय. तीन खोके मी देणार आहे, ज्याला एखाद्या मुलाबरोबर बसून ते बांधायचे आहेत त्याला, विनामूल्य. तुमच्या माळ्यावर किती आहेत ते आज संध्याकाळी शिडी लावून मोजा.